घे म्हटल्याशिवाय ओढायचं नाही

बाजारातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘रेडिओ-टीव्ही दुरुस्ती’ असं लिहिलेलं होतं आणि खाली ह्यांचं नाव होतं. माझं नाव कुठंच नव्हतं, आणि ते बरोबरच होतं, कारण मी जन्मात एकही टीव्ही दुरुस्त केला नाही. मी पार्ट काढायची. लोणावळ्याच्या गावठाणातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावलेल्या टेबलावर, तीसेक वर्षं मी मेलेल्या यंत्रांतून जिवंत पार्ट सोडवले. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी “तुमच्या कामाविषयी लिहा” म्हटलं तेव्हा मी विचारलं, “कुठल्या? पोळ्यांच्या की पार्टांच्या?” ते म्हणाले, पार्टांच्या. पोळ्यांविषयी लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत म्हणे.

‘हे’ म्हणजे माझे यजमान, सदाशिव. सगळा बाजार त्यांना सदाभाऊ म्हणायचा आणि म्हणून मी सगळ्या बाजाराची वहिनी.

ज्यांनी यंत्राचं झाकण कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आत पुठ्ठ्यासारखी एक तपकिरी पाटी असते, तिला बोर्ड म्हणतात. एका अंगाला रंगीबेरंगी पार्ट उभे असतात. त्यांचे पाय बारीक भोकांतून पलीकडे जातात आणि पलीकडे तांब्याच्या रेघांना डाखानं चिकटवलेले असतात. कासार भांड्याला डाख लावतो तोच प्रकार, फक्त साबुदाण्याएवढा. यंत्र मेलं तरी आतलं सगळं मेलेलं नसतं. बिघडतो एखादाच पार्ट, बाकीचे धडधाकट असतात आणि उगाच भंगारात जातात. ते पाय न मोडता, अंग न भाजता सोडवून घेणं हे माझं काम. लावणं सोपं असतं हो, काढणं अवघड.

आमचा माल दोन वाटांनी यायचा. खंडाळ्याच्या बंगल्यांतले माळी आणि राखणदार मालकांचे जुने टीव्ही, टेप आणून द्यायचे. आणि देहूरोडचा एक भंगारवाला लष्कराच्या लिलावातल्या बोर्डांचं पोतं लोकलमधून आणायचा. ते बोर्ड पाहिले की मला घाम फुटायचा. त्यांच्यावर रोगणाचा थर असायचा, ओल लागू नये म्हणून. तो आधी स्पिरिटनं भिजवून, जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडून काढायचा, मग डाखाला हात. पण आतला माल असा की पाय सोन्याच्या मुलाम्याचे. ह्यांना तो पाहून जेवण गोड लागायचं आणि मला जेवणाला रोगणाचा वास यायचा.

हत्यारं आमची बहुतेक घरचीच. डाख तापवायला सोल्डरिंगचं आयर्न, ते मात्र चांगलं घेतलेलं. वितळलेला डाख ओढून घ्यायला स्प्रिंगची पिचकारी. ती नव्हती तेव्हा टीव्हीच्या केबलचं साल सोलून आतली तांब्याची जाळी काढायची, स्पिरिटात विरघळवलेल्या राळेत बुडवून वाळवायची, डाखावर ठेवून वरून आयर्न टेकवायचं. दिव्याची वात तेल ओढते तशी जाळी डाख ओढून घेते. आणि तिसरी युक्ती माझी स्वतःची, तिचा मला अजून अभिमान आहे. इंजेक्शनची जाड सुई टोकाला घासून बोथट करायची. पार्टाच्या पायावर टोपणासारखी बसवायची, डाख वितळला की गोल फिरवायची. सुईला डाख चिकटत नाही, त्यामुळे पाय मोकळा होतो. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडं मी न वापरलेल्या सुया मागायला गेले तेव्हा त्यानं माझ्याकडं असं काही पाहिलं की मला सगळा बोर्ड पिशवीतून काढून दाखवावा लागला.

काही लोक बोर्ड सरळ गॅसवर धरतात आणि फरशीवर आपटतात. पार्ट पडतात, खरं आहे. भाजलेलेही असतात. असल्या लोकांविषयी मी दिवाळी अंकात लिहिणार नाही.

पण जे पार्ट बऱ्याच पायांचे असतात तिथं पिचकारी, जाळी, सुई सगळं थकतं. एक पाय सुटेस्तोवर दुसरा घट्ट होतो. तिथं सगळे पाय एका वेळी तापवावे लागतात. त्यासाठी डाख काढायच्या ऐवजी उलट आणखी घालायचा, सगळ्या पायांचं मिळून एक तळं करायचं, ते तळं वितळलेलं ठेवायचं आणि तेवढ्यात पलीकडून पार्ट अलगद ओढायचा. हे दोघांचं काम. एकानं तापवायचं, एकानं ओढायचं. हे तापवायचे आणि मी ओढायची.

त्यासाठी ह्यांनी प्लायवूडची एक फळी केली होती. टेबलावर उभी राहायची आणि मधे खिडकी होती, त्या खिडकीत बोर्ड पट्ट्यांनी अडकवायचा. तांब्याची बाजू ह्यांच्याकडं, पार्टांची बाजू माझ्याकडं. फळी एवढी मोठी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, वितळलेला डाख कधी कधी उडतो, तुझ्या डोळ्यात जायला नको. टेबल-लॅम्पही माझ्याच बाजूला. त्याच्या धगीनं माझ्या डाव्या गालाची भाकरी व्हायची. मी म्हणायची, दिवा जरा तिकडं घ्या की. ते म्हणायचे, “मला एवढा उजेड पुरतो. तुला दिसलं पाहिजे.”

म्हणजे आम्ही हाताच्या अंतरावर बसायचो आणि मधे भिंत. मला दिसायचा फक्त राळेचा धूर, फळीच्या वरून खिडकीकडं जाणारा. आणि ऐकू यायचा एकच शब्द. डाखाचं तळं झालं, चकाकलं, की पलीकडून आवाज यायचा, “घे.” मग ओढायचं. त्याआधी नाही. पहिल्या वर्षी मी एकदा घाई केली आणि पार्टाबरोबर तांब्याची रेघही उपटून आली, पार्टाचा पायही गेला. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “घे म्हटल्याशिवाय ओढायचं नाही.” तेव्हापासून कानाला खडा.

हे मुळातच अबोल. दिवसातून ते माझ्याशी किती शब्द बोलायचे ते मोजलं असतं तर निम्म्याहून जास्त ‘घे’ निघाले असते. मला ते टोचायचं. एकदा संतापून मी फळीच्या अलीकडून म्हटलं, “इतकी वर्षं समोरासमोर बसतो आपण. तुम्ही कधी माझ्याकडं बघितलंत तरी का?”

पलीकडून उत्तर आलं, “रोज बघतो. घे.”

“काय खोटं बोलता,” मी म्हटलं आणि पार्ट ओढला.

एकदा मात्र माझ्या हातून अशी चूक झाली की आमच्या धंद्यातलाच माणूस ती करू शकेल. टेबलाच्या डावीकडं भंगाराचा ढीग असायचा आणि उजवीकडं गिऱ्हाइकांचे बोर्ड. दसऱ्याच्या आवराआवरीत मी ढीग हलवले आणि परत ठेवताना अदलाबदल झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही एक बोर्ड अडकवला आणि दिवसभर बसून त्यातले एकेचाळीस पार्ट काढले. बेचाळिसाव्याला ह्यांनी ‘घे’ म्हटलं नाही. मग फळीच्या वरून डोकं काढून म्हणाले, “हा गुरुजींचा रेडिओ आहे.”

गुरुजी खंडाळ्याचे, शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांना त्या रेडिओखेरीज घरात बोलणारं कुणी नव्हतं. मला रडूच फुटलं. नशीब एवढंच की माझी एक सवय होती. काढलेला पार्ट मी थर्माकोलच्या तुकड्यात टोचून ठेवायची, ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं, ओळीत. हे म्हणाले, शेवटचा आधी. मग दोन दिवस आम्ही सिनेमा उलटा चालवला. मी पार्ट भोकांत बसवून धरायची आणि ते पलीकडून डाख लावायचे. आता बसला की नाही ते मला दिसायचं, त्यामुळे शब्द माझा. मी म्हणायची “लाव,” आणि ते लावायचे. नवऱ्याला अरेतुरे करायची ती आयुष्यातली एकुलती संधी, मी ती एकेचाळीस वेळा घेतली. एकोणिसाव्याला ते हसायला लागले आणि हात हलला म्हणून तो पार्ट दोनदा लावावा लागला.

गुरुजी रेडिओ घेऊन गेले आणि आठवड्यानं मुद्दाम परत आले. म्हणाले, “सदाभाऊ, आवाज पहिल्यापेक्षा गोड झालाय. केलंत तरी काय?”

“सगळं काढलं आणि परत बसवलं,” हे म्हणाले. गुरुजींना तो विनोद वाटला. मला कुणी विचारलं की गेलेल्यांतले कुठले दिवस परत हवेत, तर मी लग्नाचे सांगणार नाही, ते दोन दिवस सांगेन.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, हे गेले. दुपारी आम्ही खिशातल्या एका छोट्या रेडिओचा बोर्ड फळीच्या खिडकीत अडकवला होता. तीन पार्ट निघाले. चौथा म्हणजे आवाज कमी-जास्त करायची चकती, अंगठ्यानं फिरवायची असते ती. तिला पाच पाय, अंग प्लॅस्टिकचं. मी चिमटा लावून बसले. पलीकडून आवाज आला, “थांब. जरा पडतो, मग घेऊ.” ते आत जाऊन पडले आणि उठलेच नाहीत.

मी थांबले. त्या बोर्डावर रुमाल टाकला आणि फळी होती तशी ठेवली. दुकान दिलं, पण घरी लोक येतच राहिले, मग मी दुसऱ्या टेबलावर काम करत राहिले. आता ब्लोअर मिळतो, गरम वाऱ्याचा. बोर्ड आडवा ठेवायचा, वारा सोडायचा, चाळीस पायांचा पार्टही एकटीनं उचलता येतो. मोबाईलवाली पोरं तेच वापरतात. काम भराभर होतं, आणि कुणाची वाट बघावी लागत नाही. मला वाट बघायची सवय होती हो. चिमटा लावून, श्वास धरून, एका शब्दाची वाट बघायची. ती सवय अजून जात नाही. ब्लोअरनं डाख वितळलेला मला डोळ्यांनी दिसतो, तरी क्षणभर हात थांबतो. कुणी म्हणत नाही, मग मी ओढते.

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी ठकूमावशी आल्या. त्या कुरवंड्याच्या वरच्या वस्तीवरच्या. कड्याकडं जाणाऱ्या पायवाटेवर बसून पर्यटकांना करवंदं, जांभळं विकतात. वय सत्तरीच्या आसपास. कानानं फार कमी, म्हणून गळ्यात पिशवी आणि पिशवीत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ऐकायची डबी, तिची वायर कानाला. ती डबी ह्यांनी दोन वेळा जिवंत केली होती, आमचं दोघांचं काम बघत मावशी तिथंच बसलेल्या.

मावशींनी करवंदांचा द्रोण ओट्यावर ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. बहिऱ्या माणसाचा असतो तसा आवाज मोठा. “वयनी, डबी मुकी झाली. उद्या आयतवार. नातीचा फोन येतोय.”

मला ठाऊक होतं. नात घाटाखाली कर्जतच्या बाजूला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले. दर रविवारी ती शेजारच्यांच्या मोबाईलवर फोन करायची. डबीला आवाज टिपायचं भोक अंगावरच असल्यामुळे मावशी फोन कानाला लावायच्या नाहीत, छातीशी धरायच्या.

मी हातवारे करून, कानामागं बोट लावून विचारलं, आरोग्य शिबिरात मिळालेलं कानातलं नवं यंत्र कुठं आहे?

“ते कानात शिट्ट्या मारतं,” मावशी म्हणाल्या. “त्याच्यात माजी पोर वळकू येत न्हाई.”

डबी उघडली. आवाजाची चकती झिजून गेली होती, आतली काळी पट्टी पार उडालेली. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन पायांवर आडवं टेकवलं, तशा मावशी दचकल्या. “आला, आला.” टोक उचललं, पुन्हा गप्प. म्हणजे बाकी सगळं धड होतं. फक्त एक चकती हवी होती, एवढीशी, जुन्या घाटाची. आता तशी कुणी बनवत नाही. मी सगळे डबे, सगळी पाकिटं पाहिली. चालण्याजोगी चकती घरात एकच होती आणि ती कुठं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

खोटं कशाला सांगू, ‘माझ्याकडं नाही’ असं म्हणावंसं वाटलं. तो बोर्ड होता तसा होता तोवर आमचं काम अर्धं राहिलं होतं, संपलं नव्हतं. ह्यांनी थांब म्हटलं होतं आणि घे म्हटलं नव्हतं.

मावशी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. ऐकू न येणारी माणसं तोंड फार नीट वाचतात. त्या फळीपाशी गेल्या, रुमालाला हात न लावता म्हणाल्या, “भाऊंचं हाय व्हय? ऱ्हाऊ दे मग.” आणि पिशवी परत गळ्यात घालायला लागल्या. डबी तर माझ्या हातात, पिशवी रिकामीच. ती रिकामी पिशवी त्यांनी नीट सरळ केली, वायर गुंडाळून तिच्यात ठेवली. मी रुमाल काढला.

प्लॅस्टिकच्या अंगाला ब्लोअर चालत नाही. एक वाया गेलेली चकती होती, तिच्यावर आधी करून पाहिलं, ती मेणासारखी वाकली. पिचकारीनं एकेक पाय सोडवावा तर हिसक्यानं पाय अंगातून खिळखिळे होतात. इथं तळंच करायला हवं होतं, आणि तळ्याला दोन माणसं लागतात. आयर्न धरायचं तेही उजव्या हाताचं काम आणि ओढायचं तेही. शेजारी कुणाला बोलवावं म्हणून मी दाराकडं निघाले तर मावशींनी माझ्या स्टुलावर बसकण मारली, चिमटा उचलला आणि म्हणाल्या, “मी वढते. जन्मभर काट्यातनं करवंदं काढली. दाव कसं ते.”

मी करून दाखवलं. हिसका नाही, पिळणं नाही, सरळ आपल्याकडं. त्यांनी मान हलवली. बोटं त्यांची काटक, पण कापत नव्हती. अडचण एकच होती. फळीच्या पलीकडून मी घे म्हणणार आणि मावशींना ते ऐकू येणार नव्हतं. ज्या यंत्रासाठी हे चाललं होतं तेच उघडून पडलं होतं. मग मी टेबलाखाली त्यांच्या पावलावर माझं पाऊल ठेवलं. दाबलं की ओढायचं. “आन् दाबल्याबिगर न्हाई,” मावशी म्हणाल्या. मी न सांगता.

लॅम्प होता तिथंच लावला, त्यांच्या बाजूला. मी फिरून पलीकडं गेले आणि ह्यांच्या स्टुलावर बसले. त्या बाजूला मी झाडायला वाकले असेन, बसले कधीच नव्हते.

समोर बोर्ड होता. लॅम्पचा उजेड पलीकडून त्याच्यावर पडत होता आणि बोर्ड चहासारखा तांबूस उजळला होता. तांब्याच्या रेघा काळ्या, आणि रेघांच्या मधून मावशींचे हात. चिमटा, दोन बोटं, अंगठा, मनगटावरच्या बांगड्या, सगळं सावलीत पण स्वच्छ. त्यांनी बोट जरा सरकवलं तर ते सरकलेलं दिसलं.

बोर्डातून उजेड आरपार जातो हे मला काय ठाऊक नव्हतं? शेकडो बोर्ड मी स्वतः दिव्यासमोर धरून रेघा तपासल्यात. पण बोर्डाच्या पलीकडं मी असते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आयर्न खाली ठेवलं, डोळे पुसले, परत उचललं. पाचही पायांवर डाख घातला. तळं झालं, कडेनं फिरत राहिले, राळेचा धूर माझ्या तोंडावर आला. तळं चकाकलं. मी पाऊल दाबलं, आणि कुणाला ऐकू जाणार नव्हतं तरी म्हटलं, “घे.”

सावलीतली बोटं मागं गेली. चकती निघाली, पाचही पाय सरळ, अंगाला साधा ओरखडा नाही.

डबीत ती बसवायला दुपार झाली, पाय जुळत नव्हते म्हणून केसाएवढ्या तारा जोडाव्या लागल्या. मावशींनी वायर कानाला लावली, अंगठ्यानं चकती फिरवली आणि थोडा वेळ घर ऐकलं. मग म्हणाल्या, “तुजा पंखा लय कुरकुरतो.”

मी हसले, आणि हसता हसता त्यांना सांगितलं, “मावशी, पलीकडनं मला तुमचे हात दिसत होते. बोटन् बोट.”

“दिसणारच की,” मावशी म्हणाल्या. “दिवा माज्याकडं हुता.”

त्या गेल्या. रविवारी संध्याकाळी निरोप आला की नातीला मुलगी झाली आणि मावशींनी तिचं रडणं छातीशी धरून ऐकलं.

फळी मी काढून ठेवली नाही. कधी कधी ह्यांच्या स्टुलावर बसते. फार वर्षांपूर्वी बोट सुजलं म्हणून मी एकदा कामाआधी अंगठी काढून ठेवली होती आणि जेवताना हात पदराखाली धरला होता, उगीच काळजी नको म्हणून. तरी ह्यांनी विचारलं होतं, “अंगठी का काढलीस?” मला वाटलं होतं, सासूबाईंनी सांगितलं असेल.

त्यांना मी खोटं ठरवलं होतं. ते रोज बघत होते.